ऊब मागून घ्यावी लागते



हा अंक हाती पडेल तोवर गणपती विसर्जन होऊन नवरात्राची तयारी सुरू झालेली असेल, आणि न्यूयॉर्क शहराचा ‘हीट सीझन’ दाराशी आलेला असेल. तो १ ऑक्टोबर ते ३१ मे असा चालतो. या काळात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं, की घरात किमान ६८ अंश असलेच पाहिजेत. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असो, घरात किमान ६२ अंश हवेत. गरम पाणी तर बारा महिने, चोवीस तास. यात घरमालकाची मेहेरबानी काहीच नाही. शहराच्या हाउसिंग मेंटेनन्स कोडने त्याच्यावर टाकलेली ही जबाबदारी आहे.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना हमखास बोलणं निघतं. रेडिएटर थंड पडलाय, बाथरूमच्या छताला बुरशी आलीय, इमारतीची देखभाल पाहणारा ‘सुपर’ फोन उचलत नाही. त्यावर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “जाऊ दे, कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा? वर्षभराचा तर प्रश्न आहे.” मग स्वस्तातला स्पेस हीटर कुठे मिळतो, यावर चर्चा सुरू होते.

त्या स्पेस हीटरवरूनच आज हे लिहावंसं वाटलं. ९ जानेवारी २०२२ च्या रविवारी सकाळी ब्राँक्समधल्या एका १९ मजली इमारतीत असाच एक हीटर बिघडून आग लागली. आग फारशी पसरली नाही, पण धूर पसरला. आपोआप बंद व्हायला हवी होती ती दारं उघडी राहिली आणि जिन्यातून धूर वरच्या मजल्यांवर चढला. १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं होती. तिथली बरीचशी कुटुंबं पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातून आलेली, म्हणजे आपल्यासारखीच दूरदेशी येऊन संसार मांडलेली. तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत घराचं दार आपसूक मिटलं पाहिजे, असा नियम शहरात आधीपासूनच होता. दार मिटवणारं यंत्र नीट ठेवणं हे काही मोठ्या खर्चाचं काम नव्हे. तुमच्या घराचं दार हात न लावता पूर्ण मिटतं का, हे आजच पाहा.

नियम कमी नाहीत. शहराचा गृहनिर्माण विभाग, म्हणजे एचपीडी, दोषांचे तीन वर्ग करतो. ‘ए’ वर्गातला किरकोळ दोष ९० दिवसांत दुरुस्त करायचा, ‘बी’ मधला धोक्याचा ३० दिवसांत, आणि ‘सी’ म्हणजे तातडीच्या धोक्याचा बहुतेक वेळा २४ तासांत. हीट आणि गरम पाणी नसणं ‘सी’ मध्ये मोडतं. मालक हललाच नाही, तर विभाग स्वतः दुरुस्ती करून बिल मालकाच्या नावावर चढवू शकतो.

पण घरातल्या गारठ्याचा पत्ता विभागाला आपोआप लागत नाही. बहुतेक वेळा कोणीतरी ३११ या शहराच्या मदत क्रमांकाला फोन केल्यावरच चाकं फिरू लागतात. विभाग आधी मालकाला कळवतो, मग तक्रार करणाऱ्याला फोन करून हीट आली का विचारतो, आणि आली नसेल तर निरीक्षक पाठवतो. निरीक्षक आला तेव्हा घरी कोणी नसलं, तर प्रकरण तिथेच थंडावू शकतं. दोष नोंदवला गेल्यावर तो दुरुस्त केल्याचं प्रमाणपत्र मालक स्वतःच देतो. त्याची सूचना भाडेकरूला टपालाने येते. दुरुस्ती झालेली नसेल तर तेव्हाच हरकत घ्यायची असते. ती कोणी घेतली नाही आणि फेरतपासणीही झाली नाही, तर दोष गेला असं धरलं जातं. ते पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकू नका. माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे, आणि तो सांभाळणं केवळ आपल्या हातात आहे.

आपण गप्प का बसतो? एक कारण मुंबईच्या जुन्या इमारतींत असावं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर गिरगाव-दादरच्या चाळींत भाडं नाममात्र राहिलं, मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाडेकरूंनी वर्गणी काढून गळती थांबवली. तिथे ते समजण्यासारखं होतं. इथे मात्र आपण पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात देतो, आणि त्या भाड्यात ऊब धरलेली आहे.

दुसरं कारण भीतीचं, आणि ती खोटी नाही. लीज पुढे वाढवली नाही तर? व्हिसावर परिणाम झाला तर? न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने तक्रारीचा सूड उगवायला बहुतेक मालकांना मनाई आहे. प्रामाणिक तक्रारीनंतर वर्षभरात अशा मालकाने घराबाहेर काढायचा घाट घातला, तर तो सूडानेच घातला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. घर थंड असल्याची तक्रार करताना व्हिसा कोणता, हा प्रश्नच येत नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांना इंग्रजीची अडचण असेल, तर ३११ वर दुभाषा मागता येतो.

आता घरमालक असलेल्या सभासदांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. क्वीन्समध्ये आपल्यापैकी अनेकांची घरं आहेत आणि नागपूर-नाशिकहून आलेले विद्यार्थी ‘आपली माणसं’ म्हणून तिथे विश्वासाने राहतात. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात शहरात १३ जण दगावले, त्यातले ११ तळघरांत, बहुतेक क्वीन्समध्येच. परवानगी नसलेलं, बाहेर पडायला एकच वाट असलेलं बेसमेंट भाड्याने देणं हे कमी भाडं घेतो म्हणून उपकार ठरत नाही. तो जिवाशी खेळ आहे. आणि आपल्याच माणसाकडे तक्रार कशी करायची, या संकोचात ती मुलं अडकतात, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट आहे. जानेवारीत लहान मुलांबद्दल विचारणाऱ्या नोटिसा भाडेकरूंना द्यायच्या असतात: सहा वर्षांखालचं मूल असेल तर शिशाच्या जुन्या रंगासाठी, दहा वर्षांपर्यंतचं असेल तर खिडकीच्या गजांसाठी. त्या वेळेवर द्या, आणि भाडेकरूंनीही त्या १५ फेब्रुवारीच्या आत भरून परत कराव्यात.

या महिन्यात दोन गोष्टी प्रत्येक सभासदाने कराव्यात, अशी विनंती आहे. घरात एक साधा थर्मामीटर लावा, आणि गारठा जाणवेल त्या दिवसाचे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा. नवं घर घेणाऱ्यांनी लीजवर सही करण्याआधी एचपीडीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून इमारतीवर किती दोष प्रलंबित आहेत ते पाहावं. आणि फोन करायला कोणाला संकोच वाटत असेल, तर त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीतल्या कोणालाही सांगावं. तुमच्या शेजारी बसून आम्ही तो फोन लावू.

— संपादक