गळ्यातली गाठ, मनातली गाठ



गळ्याशी गाठ दिसली की घरात दोनच गोष्टी घडतात. कोणी 'कॅन्सर' म्हणून हाय खातो, तर कोणी 'मुलीचे लग्न व्हायचे आहे' म्हणून ती ओढणीखाली लपवतो. दोन्ही चूक. प्रौढांतील थायरॉईडच्या सुमारे ९० टक्के गाठी साध्या असतात. मुलांमध्ये धोका थोडा जास्त, म्हणून तपासणी लांबवू नये. रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणजे गाठ निर्धोक, असेही नाही; त्यासाठी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी लागते.

दुसरा गैरसमज मिठाचा. गलगंडाविरुद्ध देशात १९६२ पासून मोहीम आहे. आपल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तर लोह आणि आयोडीन दोन्ही असलेले मीठ तयार केले. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच हवे. सैंधवाच्या नादी लागून ते सोडू नये. मात्र जास्त मीठ खाऊन थायरॉईड बरा होत नाही.

तिसरा गैरसमज गोळीचा. 'रिपोर्ट नॉर्मल, आता गोळी बंद!' अहो, तो नॉर्मल आला गोळीमुळेच! डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नका, गरोदरपणात तर मुळीच नाही.

वर्गात पेंगणारे, उंची न वाढणारे मूल आळशीच असते असे नाही. शाळेच्या वैद्यकीय तपासणीत मुलांचा गळाही पाहिला जावा, ही विश्वस्तांना नम्र विनंती.