इतिहासाचा तास मुलांनी घ्यावा



मला वाटते, आठवड्यातून एकदा इतिहासाचा तास आम्हा मुलांना घेऊ द्यावा. बाईंनी मागे बसावे आणि आमचे चुकले तर सांगावे.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, सालवडचे सुकूर मोरे होते. सगळी आपल्याच भागातली माणसे! नुसती नावे पाठ केली तर परीक्षेनंतर विसरतात. पण सालवडच्या मुलाने आजोबांना विचारून ती गोष्ट वर्गात सांगितली, तर कोण विसरेल? आणि जुनी माणसे आहेत तोवरच विचारता येईल.

कोणी म्हणेल, पोरं नुसता दंगा करतील. करतील थोडा! पण दुसऱ्याला शिकवायचे म्हणजे आधी आपल्याला नीट समजावे लागते.

आपल्या जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. शाळा कुरणात जाते, तर मूल फळ्यापाशी का नाही जाणार?

पालकांनो, आम्ही घरी जुन्या गोष्टी विचारल्या तर "गप बस, अभ्यास कर" म्हणू नका. तोच आमचा अभ्यास आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी