शर्यत कुत्र्यांची, कीं घड्याळाची?

अलास्कांतील घसरगाड्यांच्या शर्यतीचा विषय सुशिक्षितांच्या बैठकींत निघाला कीं दोन मतें ठरलेलीं. एक पक्ष म्हणतो, मुक्या जनावरांना सुमारें हजार मैल बर्फांतून पळविणें हें शुद्ध क्रौर्य होय. दुसरा म्हणतो, त्या कुत्र्यांनाच धांवण्याची हौस. मग अपराध कोणाचा? आमच्या मतें दोन्ही पक्ष विचाराचा आळस करतात. पहिल्यानें कुत्रा नीट पाहिला नाहीं. दुसऱ्यानें घड्याळ पाहिलें नाहीं.

पहिल्या पक्षास आमचें उत्तर असें. बैलाला वेसण असते, घोड्याला लगाम असतो. घसरगाडीच्या कुत्र्याला यांतलें कांहींच नसतें. गाडीवान सर्वांच्या मागें उभा असतो आणि म्होरक्या कुत्रा त्याच्यापासून कित्येक हात पुढें. दोघांमध्यें दुवा काय तो आवाजाचा: 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे. पुढचा बर्फ ठिसूळ असल्याचें जाणून म्होरक्या अडला, तर शहाणा गाडीवान आपली आज्ञा मागें घेतो. असा विश्वास चाबकानें निर्माण होत नाहीं. १९२५ च्या जानेवारीअखेर नोम गांवांत घटसर्पाची सांथ आली असतां वीस गाडीवानांनीं ६७४ मैलांवरून औषध हातोहात, साडेपांच दिवसांच्या आंत पोंचविलें. त्यांतील सर्वांत लांबचा व बिकट टप्पा लिओनार्ड सेप्पाला यानें आपल्या बारा वर्षांच्या टोगो कुत्र्याच्या भरंवशावर, गोठलेल्या नॉर्टन उपसागरावरून पार केला.

जगानें मात्र पुतळा उभारला तो शेवटचा टप्पा धांवलेल्या बाल्टोचा. आणि ज्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें उभा राहिला, तोच बाल्टो १९२७ सालीं लॉस एंजेलिसच्या एका हलक्या प्रदर्शनांत हालांत दिवस काढीत होता. क्लीव्हलंडच्या लोकांनीं वर्गणी काढून त्याची सुटका केली. प्रेक्षकांचें प्रेम कुत्र्यावर नसून शेवटच्या रेषेवर असतें, हाच याचा अर्थ.

आतां दुसरा पक्ष. नोमपर्यंतची 'इडिटारॉड' शर्यत १९७३ सालीं प्रथम झाली, तेव्हां विजेत्यास सुमारें वीस दिवस लागले. २०१७ सालीं आठ दिवस व कांहीं तास पुरले. वाट सुधारली, खुराक सुधारला, जोपासना सुधारली, हें आम्ही मान्य करतों. ठिकठिकाणीं पशुवैद्य असतात, थकलेल्या कुत्र्यास मागें ठेवतां येतें, हेंहि खरें. तथापि नियमानें सक्तीची विश्रांति किती? एकदां चोवीस तास आणि दोनदां आठ-आठ तास, म्हणजे एकूण चाळीस. याहून अधिक किती द्यावयाची हें तोच ठरवितो, ज्याला बक्षीस हवें आहे! वादीच न्यायाधीश झाला तर निवाडा कसा व्हावा? २०२४ च्या शर्यतींत तीन कुत्रे मेले.

थकलेला कुत्रा आपण होऊन बसेल, त्याला कोण उठविणार, असें हौसवादी विचारतात. परंतु ज्या मायेचें ते कौतुक करतात, तीच येथें घातक ठरते. अनोळखी माणसासाठीं कुत्रा लवकर बसेल. आपल्या माणसासाठीं तो शेवटचें बळहि खर्च करील. याला संमति म्हणूं नये. हा विश्वास आहे. आणि विश्वासानें मालकाचा अधिकार वाढत नाहीं, जबाबदारी वाढते.

शर्यत बंद करा, असें आमचें म्हणणें नाहीं. ती बंद झाली तर जी विद्या टोगोनें आणि सेप्पालानें मिळून जिवंत ठेवली, तिला हक्काचें मैदान उरणार नाहीं. आमची मागणी एवढीच कीं सक्तीची विश्रांति इतकी वाढवावी, कीं दयाळू गाडीवानाला दयेपायीं क्रमांक गमवावा लागूं नये. कुत्र्यांची उत्तम निगा राखणाऱ्यास सेप्पालाच्या नांवें पारितोषिक दिलें जातें, तें योग्यच. परंतु विजयाची मोजणी निराळी आणि दयेची निराळी, ही वांटणीच चुकीची आहे. पातळ बर्फावर म्होरक्याचा नकार गाडीवान ऐकतो. विजयरेषा जवळ आल्यावर तोच नकार ऐकूं येईनासा होत असेल, तर दोष कुत्र्याच्या हौशीला देऊं नका. आपल्याच टाळ्यांचा आवाज मोठा झालेला असतो.