पुरावा आधी, पत्रक नंतर

'जनसंपर्क' हा शब्द चळवळीतील कार्यकर्त्याला फारसा रुचत नाही. मालकाची प्रतिमा उजळ करून देणाऱ्या पगारी माणसांचा तो धंदा आहे, अशी त्याची समजूत असते; आणि ती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु हा धंदा यशस्वी का होतो, याचा विचार करण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. संशोधन, व्यूहरचना आणि सांघिक परिश्रम ही त्याची तीन साधने आहेत. ती भांडवलदारांनी शोधून काढलेली नाहीत, आणि त्यांच्या मालकीचीही नाहीत.

या साधनांचा दुरुपयोग कोणत्या थरापर्यंत जाऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील सिगारेट उद्योगाने घालून दिले आहे. धूम्रपानाचा कर्करोगाशी संबंध दाखविणारे संशोधन एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा डिसेंबर 1953 मध्ये प्रमुख कंपन्यांचे अध्यक्ष न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र आले. एरवी बाजारात एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या या मंडळींनी 'हिल अँड नोल्टन' या जनसंपर्क संस्थेकडे आपली बाजू सोपविली. संस्थेच्या माणसांनी प्रथम अभ्यास केला. कोणता शास्त्रज्ञ काय म्हणतो, कोणाच्या मनात अजून शंका आहे, याची बारकाईने नोंद केली. मग धोरण ठरले: विज्ञान नाकारायचे नाही, प्रश्न अद्याप सुटलेला नाही, अधिक संशोधन हवे, एवढेच सांगत राहायचे. 4 जानेवारी 1954 रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत धूम्रपान करणाऱ्यांना उद्देशून एक निवेदन झळकले. ग्राहकांच्या आरोग्याची जबाबदारी कंपन्यांनी त्यात तोंडभरून मान्य केली आणि एका संशोधन समितीची घोषणाही केली.

या कामात परिश्रमांची उणीव नव्हती. उणीव होती ती एकच. निष्कर्ष आधी ठरला होता आणि संशोधन त्याच्या चाकरीला जुंपले गेले होते. शंका हाच आपला माल आहे, अशी कबुली 1969 मधील एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात आढळते. पुढे न्यायालयीन लढायांतून अशी कागदपत्रे उजेडात आली, आणि या कंपन्यांनी कित्येक दशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय 2006 साली अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयाने दिला. परंतु मधल्या पन्नास वर्षांत जे मृत्युमुखी पडले, त्यांना या निकालाचा काय उपयोग?

आता आपल्याकडे पाहावे. सत्य आपल्या बाजूला आहे, तेव्हा ते आपोआप लोकांपर्यंत पोहोचेल, अशी एक भोळी श्रद्धा चळवळीत नांदत असते. मोर्चाच्या आदल्या रात्री पत्रक लिहिले जाते. त्यातील आकडे कोणाच्या तरी भाषणातून उचललेले असतात. तहसीलदार त्यातली एक चूक दाखवितो आणि नव्वद खऱ्या तक्रारी तिच्यासह निकालात काढतो. सभेत एकच वक्ता बोलतो, बाकीचे सतरंज्या उचलतात. अशा कामातून गर्दी जमते, पण लोकमत बनत नाही.

गरिबांच्या संघटनेला याहून वेगळे काही शक्य आहे काय? शक्य आहे, हे राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने दाखवून दिले आहे. 1990 साली स्थापन झालेल्या या संघटनेपाशी ना पैसा होता, ना जाहिरातीची साधने. दुष्काळी कामांवर किमान मजुरी मिळत नाही, ही मजुरांची तक्रार होती. आणि सरकारी हजेरीपत्रकात तर सारे यथास्थित असल्याचे सांगितले जात होते. म्हणून संघटनेने हजेरीपत्रकालाच हात घातला. मिळेल तो कागद मिळवायचा, त्यातील एकेक नाव घेऊन त्या घरी जायचे, कामावर होतास का, किती पैसे हातात पडले, असे विचारायचे. रोजगार हमीच्या कामावरचे मस्टर पाहिलेल्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला या कामाचे कष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई झाली. मंडप टाकून, गावासमोर, कागद मोठ्याने वाचले गेले. ज्याचे नाव वाचले गेले त्यानेच उठून खरेखोटे सांगितले. शोध आणि प्रचार यांच्यातील भिंतच तिथे उरली नाही. लिहिता-वाचता येणाऱ्याने कागद वाचला, निरक्षर मजुराने साक्ष दिली, शंकर सिंह यांच्यासारख्याने गाणी आणि बाहुल्या यांच्या साहाय्याने अवघड विषय सोपा केला, अरुणा रॉय आणि निखिल डे यांनी शासनाशी व वृत्तपत्रांशी संवाद साधला. 1996 च्या एप्रिलमध्ये ब्यावर येथे धरणे सुरू झाले तेव्हा मागणी एकच होती: कागदाची नक्कल द्या. चाळीस दिवस चाललेल्या त्या धरण्याला शहरातील सामान्य लोकांनी धान्य आणि भाजी पुरविली. त्याच वर्षी न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील प्रेस कौन्सिलने माहितीच्या अधिकाराचा मसुदा तयार केला. 2000 साली राजस्थानचा आणि 2005 साली देशाचा कायदा झाला.

दोन्ही उदाहरणांत साधने तीच आहेत. एका ठिकाणी जे आत ठाऊक होते ते बाहेर दडविले गेले. दुसऱ्या ठिकाणी जे दडविलेले होते ते चव्हाट्यावर वाचले गेले, आणि ऐकणाऱ्याला ते खोडून काढण्याची मुभा होती. आपल्या जनसंपर्काची कसोटी हीच असली पाहिजे.

ही कसोटी आज अधिक कठीण होत आहे. 2019 च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ व वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तर व्यक्तिगत माहितीच्या नावाखाली नकार देण्याची वाट रुंद केली. हजेरीपत्रकावरचे नावही उद्या 'व्यक्तिगत' ठरले, तर कोट किरानाच्या मंडपात वाचायचे काय?

यास्तव प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढचे पत्रक छापण्यापूर्वी कामे वाटून घ्यावीत. दोघांनी कागद मिळवावेत, चौघांनी घरोघर जाऊन ते पडताळावेत, आणि जे पडताळले गेले नाही ते पत्रकातून निर्दयपणे काढून टाकावे. पत्रक चार ओळींचे झाले तरी चालेल. त्या चार ओळी कोणत्याही कचेरीत आणि कोणत्याही चावडीवर टिकल्या पाहिजेत.