विचारून दिलेली लस

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर आजारपणाचा विषय काढू नये, असा आपल्याकडे अलिखित संकेत आहे. सणासुदीला शुभ बोलावं, हे मलाही पटतं. तरी यंदा तो संकेत मोडते आहे. अंकाची जुळवाजुळव चालू असताना माझ्या जवळच्या मैत्रिणींत एक वाद पेटला आणि तो अजून मिटलेला नाही. ज्या घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे, त्या प्रत्येक घरात आज ना उद्या तो येणार आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही या विषाणूवरची लस मुलीला द्यायची की नाही, हा तो वाद.

आमची भिशी कॉलेजपासूनची. तिच्यात एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, एकीचं औषधांचं दुकान आहे, एक माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गौरी-गणपती आटोपल्यावर जमलो, तेव्हा डॉक्टर मैत्रिणीने विचारलं, "काय गं, मुलींचे डोस झाले का?" गणितवाली शांतपणे म्हणाली, "माझ्या मुलीला मी देणार नाहीये." मग "तू एवढी शिकलेली असून असं बोलतेस?" हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून गेलं आणि त्यापुढे कुणी कुणाचं ऐकेना. भिशीची चिठ्ठी काढायचीही राहून गेली.

पुढच्या खेपेला ती चौकटीची वही घेऊन आली. प्रश्नांना आकडे घातलेले, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी अर्धं पान कोरं. ही बाई लसविरोधक नाही. तिच्या मुलीला जन्मल्यापासूनचे सगळे डोस वेळेवर मिळाले आहेत, लसीकरणाचं कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. तिच्या मनात किंतु शिरला तो कोविडच्या लशीवरून.

१५ ऑगस्ट २०२१पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस झालेल्या सर्वसामान्य प्रवाशांनाच मुभा मिळाली. तिचा भाऊ डोंबिवलीचा, लोकल गाठल्याशिवाय पोट भरत नाही. त्याने कोविशील्ड घेतली, त्याला काहीही झालं नाही. पण २०२४ साली बातमी आली की, ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने ब्रिटनमधल्या न्यायालयात लेखी मान्य केलं आहे : अत्यंत विरळा का होईना, या लसीमुळे रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घसरण्याचा प्रकार घडू शकतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोविशील्ड ही तीच लस. वहीतला पहिला प्रश्न हा होता : "हे तेव्हा ठाऊक होतं का?" होतं. युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१मध्येच हा संबंध जाहीर केला होता. "मग केंद्रावर माझ्या भावाला कुणी का सांगितलं नाही?"

या प्रश्नाला आमच्या डॉक्टर मैत्रिणीकडे उत्तर नव्हतं, आणि तिने ते नसल्याचं सांगितलं. त्या लसीने असंख्य जीव वाचवले याबद्दल मला शंका नाही. गुठळ्यांचा धोका कोविडच्या धोक्यापुढे फारच थोडा होता. तरी हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून माणसाला दाखवायला हवे होते. लोक घाबरतील म्हणून दाखवले नाहीत, असं म्हणतात. लोक घाबरलेच, फक्त तीन वर्षं उशिरा, आणि तोवर त्यांच्या भीतीत फसवलं गेल्याची चीडही मिसळली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२च्या निकालात कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं. लशीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदी लोकांसमोर ठेवाव्यात, असंही त्याच निकालात सांगितलं. त्यातल्या सक्तीच्या भागाची खूप चर्चा झाली. दुसरा भाग जवळजवळ कुणाच्या लक्षातच राहिला नाही, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

वहीतला पुढचा प्रश्न होता : "त्या आंध्रातल्या मुली कशाने गेल्या?"

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला खम्मम आणि गुजरातमधला बडोदा या जिल्ह्यांत 'पाथ' या अमेरिकी संस्थेने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारांच्या साथीने, २० हजारांहून अधिक मुलींना ही लस दिली. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या सात मुली दगावल्या. २०१०च्या एप्रिलमध्ये काम थांबवण्यात आलं. चौकशीत निघालेली कारणं वेगवेगळी होती : कुणी पाण्यात बुडाली, कुणाला साप चावला, कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलं, कुणाला मलेरिया. लशीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी समितीला दिसली नाही. पण कागद तपासताना दुसरंच काही बाहेर आलं. खम्ममच्या कितीतरी मुली आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या, आदिवासी घरांतल्या होत्या. त्यांच्या संमतीपत्रावर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकांची सही होती. २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर अत्यंत कडक ताशेरे ओढले.

इथे आमच्या भिशीत पुन्हा दोन तट पडले. डॉक्टर म्हणत होती, मृत्यू लशीमुळे झाले नाहीत, विषय संपला. गणितवाली म्हणत होती, ज्यांनी आईबापांना विचारलं नाही त्यांच्या अहवालावर मी विश्वास का ठेवू? मला दोघींचं म्हणणं ऐकताना जाणवलं की दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. लस सुरक्षित आहे का, हा एक प्रश्न. ती देणारा माणूस मला माणूस मानतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कितीही भक्कम असलं, तरी त्याने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. वॉर्डनच्या एका सहीने लशीचं जेवढं नुकसान केलं, तेवढं अफवांनीही केलं नसेल.

२००९-१०च्या त्याच महिन्यांत देशात आणखी एक अभ्यास चालू होता, आणि त्याची गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. बार्शी, पुणे, मुंबई, हैदराबाद, ऐजॉल अशा ठिकाणच्या १० ते १८ वर्षांच्या मुलींना ही लस देऊन, तीन डोस लागतात की दोन पुरतात हे त्यात पाहायचं होतं. खम्ममचं वादळ उठलं आणि सरकारने एचपीव्हीच्या सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण बंद केलं. तोवर १७,७२९ मुली त्यात आल्या होत्या. काहींचे सगळे डोस झाले होते, काहींचे अर्धवट राहिले आणि सुमारे पाच हजार मुलींच्या वाट्याला एकच डोस आला. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर, २०२१मध्ये, निष्कर्ष छापून आले : कर्करोगाला सर्वाधिक कारणीभूत असलेल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंचा संसर्ग अंगात ठाण मांडून बसू नये, यासाठी एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं. दोन किंवा तीन डोसांइतकंच. डिसेंबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं जाहीर केलं, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा वाटा मोठा आहे. बार्शीच्या शेतकऱ्याच्या मुलीने दंड पुढे केला, म्हणून आज आफ्रिकेतल्या एखाद्या गरीब देशाला तेवढ्याच पैशांत दुप्पट मुलींना लस देता येते. हे वाचताना मला फार अभिमान वाटला.

बार्शीचं नाव इथे यावं, याला जुनं कारण आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या ग्रामीण बाईने वर्षानुवर्षं अंगावर काढला. अंगावरून जातंय, कंबर दुखतेय, हे सासूला सांगायची लाज आणि दवाखान्याला पैसे नाहीत. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९मध्ये त्यातून दिसलं की, एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या त्या गटातल्या बायकांचं काय, असा आक्षेप पुढे अशा अभ्यासांवर घेतला गेला, आणि तो योग्यच होता. २०२०च्या अंदाजानुसार भारतात या रोगाच्या सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण आढळल्या आणि ७७ हजारांवर स्त्रिया गेल्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झालेल्या संसर्गाचं हे फळ असतं. म्हणून तर लस इतक्या लहान वयात.

"इतक्या लहान वयात" हाच खरा अडखळा आहे. औषधांच्या दुकानवाली सांगते की, आया काउंटरवर येतात, आजूबाजूला बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "ही लस म्हणजे तसल्या आजाराचीच ना?" हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे खरं. तो इतका सर्रास आढळतो की जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, थोड्यांच्या जात नाही. संसर्ग होऊन गेल्यावर लस त्याला हुसकावू शकत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय. लेकीच्या चारित्र्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे आयांना मोठ्या आवाजात सांगायला हवं. वंध्यत्व येतं या अफवेला कसलाही आधार नाही. हीच अफवा पोलिओच्या थेंबांवरही उठली होती.

"पुढे वीस वर्षांनी काय होईल?" हाही वहीतला एक प्रश्न. लस बाजारात आली २००६मध्ये, ऑस्ट्रेलियाने शाळांतून द्यायला सुरुवात केली २००७मध्ये. त्या मुली आज तिशीत आहेत, त्यांतल्या अनेकींना मुलंबाळं आहेत. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी सगळे डोस घेतलेल्या मुलींत या कॅन्सरची एकही रुग्ण सापडली नाही, असं २०२४मध्ये जाहीर झालं. जपानमधली गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे २०१३मध्ये मुलींना दुखणी, थकवा, झटके येतात अशा बातम्या आल्या आणि सरकारने लशीची शिफारस मागे घेतली. ७० टक्क्यांच्या घरात असलेलं लसीकरण एक टक्क्याच्या खाली गेलं. त्रास झालेल्या मुलींच्या पालकांच्या संघटनेनेच नागोया शहराच्या महापौरांकडे अभ्यासाची मागणी केली. शहराने सुमारे ३० हजार मुलींकडून २४ लक्षणांची माहिती घेतली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत त्या लक्षणांचं प्रमाण वेगळं नव्हतं. पालकांनी प्रश्न विचारला, शहराने तो कुत्सितपणे न झटकता तपासला, आणि उत्तर मिळालं. तरी सरकारी शिफारस परत यायला २०२२चा एप्रिल उजाडला. मधल्या नऊ वर्षांत वयात आलेल्या किती जपानी मुली लशीवाचून राहिल्या असतील!

शंका विचारण्याचा हक्क मी शेवटपर्यंत मान्य करीन. पण या शंकेला मुदत आहे, आणि मुदत टळली तर भोगावं लागतं ते शंका घेणाऱ्या आईला नव्हे, मुलीला. हे मी गणितवालीला स्पष्ट सांगितलं. तिला ते लागलं, तरी ते सांगणं माझं काम होतं.

लशीचे दोषही सांगायला हवेत. दंड दुखतो, कधी बारीक ताप येतो. या वयाच्या मुलींना सुई टोचल्यावर चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, त्याआधी कुणी जाऊ देत असेल तर जाऊ नये. गंभीर ॲलर्जीचं प्रमाण दहा लाख डोसांमागे दोनहून कमी आहे. शून्य नाही. आणि १६ व १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के कॅन्सरला जबाबदार आहेत. उरलेल्यांसाठी तिशीनंतरची तपासणी लागतेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या आतल्या, ही तपासणी कधी तरी झालेल्या बायका शंभरात दोनही भरल्या नाहीत. मुलींच्या लशीवर तावातावाने बोलणाऱ्या आम्हा आयांनी याचं उत्तर आधी द्यावं, असं डॉक्टर मैत्रीण म्हणाली, आणि त्यावर गणितवालीनेही मान डोलावली.

माझ्या मुलीला मी ही लस दिली आहे. देण्याआधी ती कशाची आहे, कशी पसरते, दुखेल का, हे सगळं तिला सांगितलं. तिने विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता : मुलग्यांना का देत नाहीत? काही देशांत देतात, आणि आपल्याकडच्याही पालकांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं. गणितवालीचा निर्णय अजून झालेला नाही. वहीची निम्मी पानं भरली आहेत. ती आता मुलीलाही शेजारी बसवून वाचते.

या अंकापासून आम्ही वाचकांचे असे प्रश्न छापणार आहोत, फक्त याच लशीबद्दल नव्हे, कोणत्याही. आमच्या डॉक्टर मैत्रिणीने उत्तरं द्यायचं कबूल केलं आहे. अट एकच घातली आहे : ज्याचं उत्तर तिला ठाऊक नाही, तो प्रश्नही तसाच, उत्तराविना छापायचा. पत्रं संक्रांतीपर्यंत पोचावीत. नाव छापायचं नसेल तर तसं लिहावं.



— संपादक