घाणेरी मुळासकट काढा, मग लागवडीचे आकडे सांगा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

घाणेरीबाबतच्या निवेदनांची पोच मिळते, पुढे काही होत नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहावे लागत आहे. राज्याने वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर केली: २०१६ साली २ कोटी, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. बार्शी तालुक्याचे माळ, बालाघाटाचे उतार आणि ओढ्यांचे काठ यांवर घाणेरी किती हेक्टर पसरली आहे, त्यातली किती मुळासकट निघाली आणि किती पुन्हा फुटली, हा हिशेबही तितक्याच ठळकपणे आम्हाला हवा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातल्या व्याघ्रक्षेत्रांतील सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगल तिने व्यापल्याचे सांगितले. व्याघ्र प्रकल्पांत गवत वाढावे म्हणून घाणेरी काढली जाते. आमच्या माळावर वाघ नाही. पण धनगरांच्या मेंढ्या आहेत, आणि त्यांनाही गवतच लागते.

ती ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. चौकोनी काटेरी फांदी, समोरासमोर खरखरीत दातेरी पाने, पान चुरगळताच उग्र दर्प, गुलाबी-पिवळ्या नाहीतर नारिंगी फुलांचे गुच्छ आणि पिकल्यावर काळीजांभळी होणारी फळे. एका मोठ्या झुडपाला वर्षाला १२ हजारांपर्यंत फळे धरतात. बुलबुल आणि साळुंक्या ती खाऊन बी दूरवर टाकतात. येडशी-रामलिंगच्या अभयारण्याची हद्द त्यांना अडवत नाही. दुष्काळात उपाशी जनावराने पाला खाल्ला, तर यकृत बिघडते, कावीळ होते, ऊन सोसत नाही आणि कातडी सोलवटते.

कोयत्याने वरवर छाटणे किंवा पेटवून देणे म्हणजे सरकारी पैशाने तिची मशागत करणे आहे, कारण बुंध्याखालच्या डोळ्यांतून ती पुन्हा दाट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू व सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे: फळे पिकण्याआधी सोटमूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर कुदळीने तोडायचे आणि झुडूप उलटे करून वाळू द्यायचे. पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात उगवणारी रोपे हाताने उपटायची आणि मोकळ्या जागी लगेच पवन्या, मारवेल यांचे बी टाकायचे.

यावर येणारे आक्षेप ठाऊक आहेत. फुलपाखरांना मध मिळतो, हे खरे. पण घाणेरीच्या दाटीत दबलेली तरवड-बोरीची झुडपेही कीटक-पाखरांना पोसतात. माती वाहून जाईल ही भीती रास्त आहे, म्हणूनच उतारावर पट्ट्यापट्ट्याने काम करावे. किडींनी ती आवरेल असे मानाल, तर १९२१ आणि १९४१ साली परदेशी कीटक आणून सोडूनही ती पसरतच राहिली. समूळ उच्चाटन अशक्य असेल. पण ओढ्याकाठच्या आणि कुरणांच्या कडेच्या जागा आधी मोकळ्या करून पसरण रोखता येते. राहिला पैसा. हे काम यंत्राचे नाही, हातांचे आहे, आणि रोजगार हमीचा कायदा याच महाराष्ट्राने १९७७ साली केला.

तेव्हा तालुक्याचा घाणेरीचा नकाशा जाहीर करा. कामाचे शेवटचे देयक छाटणीनंतर लगेच देऊ नका. तिसऱ्या पावसाळ्यानंतर जागेवर गवत पाहून आणि ग्रामसभेची सही घेऊन द्या. एवढे होत नसेल, तर पुढचे लागवडीचे उद्दिष्ट जाहीर करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.

बार्शीतील एक नागरिक