नियमांचे पुस्तक आणि विनू मंकड

क्रिकेटचे कायदे काही आकाशातून पडलेले नाहीत. 1787 साली स्थापन झालेला लंडनचा मेरिलिबोन क्रिकेट क्लब ते लिहितो आणि मोठे भांडण झाले की खोडून पुन्हा लिहितो. या खोडाखोडीत आपल्या एका खेळाडूचे नाव पंचाहत्तर वर्षे शिवीसारखे वापरले गेले. तो खेळाडू विनू मंकड.

मंकड मूळचे जामनगरचे, पण मुंबईकडूनही खेळले आणि 1978 साली मुंबईतच वारले. 44 कसोटी, 162 बळी. 1952 साली लॉर्ड्सवर एकाच कसोटीत 72 आणि 184 धावा काढून पाच बळीही घेतले. एवढे करूनही जगाने लक्षात ठेवली ती 13 डिसेंबर 1947 ची सिडनीतली एक गोष्ट. स्वातंत्र्य मिळून चारच महिने झाले होते. मंकड बॉल टाकायला धावत आले आणि पलीकडच्या टोकाचा बिल ब्राऊन बॉल सुटण्याआधीच रेघ सोडून पुढे निघाला. मंकडनी बॉल न टाकता बेल्स उडवल्या. पंचांनी बाद दिले. याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्यांनी याच ब्राऊनला अगोदर ताकीद देऊन, मग असेच बाद केले होते. तरी ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांनी मंकडवर झोड उठवली. समोरच्या संघाचा कप्तान डॉन ब्रॅडमन, त्याने मात्र आपल्या आत्मचरित्रात मंकडची बाजू घेतली. तसे बाद करायला इंग्रजीत मंकडचेच नाव पडले. दोन पावले चोरली ब्राऊनने आणि नाव बदनाम झाले मंकडचे! सुनील गावसकर या शब्दाला जाहीर हरकत घेत आले, ते आम्हाला पटते.

आमच्या भिगवणला मागे जयंतीनिमित्त टेनिस बॉलचे सामने झाले. आम्ही कारकून माणूस, म्हणून स्कोअर लिहायला बसलो होतो. शेवटच्या षटकात एका पोराने पलीकडचा फलंदाज असाच बाद केला. झाले! "रडीचा डाव, रडीचा डाव" म्हणून माणसे मैदानात घुसली आणि बिचाऱ्या पंचाने घाबरून निर्णय फिरवला. नववीत शिकणारे ते पोर आम्हाला विचारत होते, "काका, नियमात बसतं ना हे?" बसते. तेव्हाही बसत होते. पण इंग्रजी पुस्तकात ही गोष्ट 'अनुचित खेळ' या प्रकरणात छापलेली होती. कायद्याने करता येते, पण करणारा हलका, असा तो दुटप्पी हिशोब. 2019 साली अश्विनने जयपूरला बटलरला असे बाद केले तेव्हाही तीच ओरड झाली. शेवटी 1 ऑक्टोबर 2022 पासून हा नियम त्या प्रकरणातून काढून साध्या धावबादच्या प्रकरणात घातला गेला. त्याच्या एकच आठवडा आधी दीप्ती शर्माने लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला असेच धावबाद केले होते. तिलाही बोलणी खावी लागली.

याच्या उलट गोष्ट 1 फेब्रुवारी 1981 ची, मेलबर्नची. शेवटच्या बॉलवर बरोबरी साधायला न्यूझीलंडला षटकार हवा होता. कप्तान ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, बॉल जमिनीवरून सरपटत टाकायला लावला. हेही तेव्हा नियमात बसत होते. न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी याला भ्याडपणा म्हटले आणि पुढे असा बॉल टाकण्यावर बंदी आली.

त्याच महिन्यात, त्याच मेलबर्नवर गावसकरांना 70 धावांवर पायचीत दिले. बॅट लागली होती असे त्यांचे म्हणणे. रागाच्या भरात ते जोडीदार चेतन चौहानलाही बाहेर घेऊन निघाले. हे चौहान पूर्वी महाराष्ट्राकडून खेळलेले. व्यवस्थापक दुर्राणींनी सीमारेषेवर अडवून त्यांना परत पाठवले म्हणून सामना वाचला, आणि तो भारताने 59 धावांनी जिंकला. पण पंच चुकला तर दाद मागायची कुठे? तशी सोय नव्हतीच. 1992 साली डर्बनला टीव्हीवर पाहून पहिला धावबाद दिला गेला, तोही आपल्या सचिनला. मग जानेवारी 2008 मध्ये सिडनीत सायमंड्स 30 वर असताना झेल गेला, पंचांनी नाबाद ठरवले आणि तो 162 वर नाबाद राहिला. द्रविडला बॅट न लागता झेलबाद दिले. देशभर संताप झाला. क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष तेव्हा आमच्या शेजारच्या बारामतीचे शरद पवार. पुढच्या पर्थ कसोटीतून पंच बकनर बदलले गेले. त्याच वर्षी जुलैत श्रीलंकेत पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याची पद्धत सुरू झाली. गंमत बघा, तिथे आपल्या मागण्या बहुतेक फुकट गेल्या आणि आपलेच मंडळ या पद्धतीवर रुसून बसले, ते थेट 2016 पर्यंत!

पण काही नियम लंडनच्या पुस्तकात कधी छापलेच नव्हते, तरी पाळले जात. पुण्यात मैदान राखणाऱ्या पळवणकर बाळूंची गोष्ट घरातल्या पोरांना सांगावी. चर्मकार समाजातले हे डावखुरे गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. हिंदू संघाला त्यांचा बॉल चालायचा. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. कप्तानपद तर त्यांना कधीच दिले नाही. 1920 साली हा अन्याय असह्य होऊन विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले, वर्तमानपत्रांत वाद पेटला. त्यानंतर तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या संघाने मुंबईत युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.